जेवायला आलेली डॉक्टरीण

परवा पुतण्याने त्याच्या लॅपटॉपवर तो पिक्चर लावून दिला. म्हणाला, "काकू, इतकी वर्षं सांगताय, घ्या, बघा एकदाचा." मी बघितला. तो स्वतः अर्ध्या तासात फोनमध्ये शिरला आणि शेवटी म्हणाला, "ह्यात एवढं काय आहे? एक बाई मरते आणि बाकीचे पुढे जातात." जळगावात जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे, न समजलेल्या गोष्टीला कंटाळवाणी म्हणणारी माणसं मला नवीन नाहीत. पण त्याचं एक बरोबर होतं. त्या पिक्चरमध्ये खरोखर एवढंच आहे. आमच्या धुळ्यात मात्र त्या उन्हाळ्यात ती बाई मरून परत जेवायला आली होती, आणि ती कशी आली ह्यावरून चांगली शहाणी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे झालं ते आता लिहून ठेवते, कारण ते आठवणारी मी एकटीच उरले आहे.

माझे वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत, मीही. शेतीचा वाटा भावांना देऊन ते धुळ्यात आले ते मशीन चालवायला, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत त्यांना त्या केबिनमध्ये वीस-बावीस वर्षं झाली होती. ऑपरेटरचं नाव पोस्टरवर नसतं. लोकांना त्याची आठवण येते ती फक्त काही चुकलं की, आणि मग "ए ऑपरेटर!" म्हणून जे काही हासडलं जातं ते सबंध टॉकीजला ऐकू जातं. नानांना असं कधी ऐकून घ्यावं लागलं नव्हतं. ह्याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. जेवायला पाहुणा असला की आई भाकरी वाढता वाढता माझ्याकडे बघून डोळे फिरवायची, कारण आता ती गोष्ट निघणार हे तिला कळायचं. नानांच्या कपड्यांना मशीनमधल्या जळक्या कार्बनचा वास असायचा. घरी बसले असतानासुद्धा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर हळूहळू फिरत राहायची, कारण दिवसातून कितीतरी वेळा ते रिळाची पट्टी त्याच दोन बोटांमधून सोडत, कुठे फाटलंय का ते चाचपत.

धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, त्यांतल्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे ओटा आणि वर पत्र्यालगत थोडी गच्ची. दुपारी मिलचा भोंगा झाला की आई तवा ठेवायची. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, लसूण घालून वाटलेला ठेचा, वर तेलाची धार, आणि असेल तर कालची डाळ. उन्हाळ्यात गच्चीवर धोतरं पसरून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या असायच्या आणि त्यांच्या ओल्या चिकाचा वास खालपर्यंत यायचा. बिबड्या करायच्या अक्काने. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, माझी आत्या, पण घरात तिला आत्या कोणीच म्हणत नसे. नवरा गेल्यावर ती लहानग्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली आणि इथलीच झाली. धुळ्यात इतकी वर्षं काढूनही तिने आपली खेड्यातली बोली सोडली नाही. दुधवाल्याशी, देवाशी आणि माझ्या भावकीतल्या वकिलांशी ती एकाच भाषेत बोलायची. तिची मुलगी सुमन माझ्याहून वर्षाने लहान. आम्ही एका पांघरुणात वाढलो, एकीचे केस दुसरीने विंचरले, आणि भांडलोही तितक्याच.

सुमन आदल्या दिवाळीच्या आधी गेली. कावीळ झाली होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. चार-पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटलं की ही रुसून पडलीय. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. आणि हे मला सरळ लिहिलं पाहिजे की ती गेली तेव्हा माझा तिच्याशी अबोला होता. माझं प्रॅक्टिकलचं जर्नल सबमिट करायच्या आदल्या दिवशी तिने त्यावर तेलाची वाटी लवंडली, एवढंच कारण. नऊ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. दहाव्या दिवशी बोलायला ती शुद्धीवर नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर घरात सुमनचं नाव कोणी घेईना. असा कोणी नियम केला नव्हता, पण सगळे पाळत होते. अक्का एक वेळ जेवायची, तेही ताटातलं इकडचं तिकडे करून. त्या उन्हाळ्यात तिने बिबड्या केल्या नाहीत आणि आईने तिला विचारलंही नाही.

असं सगळं असताना तो पिक्चर आला. परदेशी, हिंदीत डब केलेला. त्याचं हिंदी नाव भलतंच मसालेदार होतं आणि गोष्टीशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणून धुळ्यात त्याला सगळे 'डॉक्टरणीचं पिच्चर' म्हणायचे. जळगावात तो तीन दिवसांत उतरला होता. परीक्षांचे दिवस आणि गल्लोगल्ली निघालेले व्हिडिओ पार्लर, ह्यामुळे टॉकीज तसंही ओस पडलं होतं, तेव्हा मालकाने स्वस्तात आणला. गोष्ट अशी की एका यानातून पाच माणसं फार लांब कुठेतरी निघाली आहेत, तिथून येणाऱ्या एका आवाजाचा शोध घ्यायला. त्यात एक बारीक केसांची डॉक्टरीण आहे. ती म्हणते, परत फिरू या. बाकीचे चौघे नाही म्हणतात. इथे नाना मध्यंतर करत. मूळ पिक्चरला मध्यंतर नव्हतंच, पण समोसेवाल्याला ते लागतं, तेव्हा अशा पिक्चरला ऑपरेटरच बरी जागा बघून पडदा टाकतो. मध्यंतरानंतर दिवे मालवले की डॉक्टरीण मेलेली. तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून एका गोल दारातून बाहेर सोडून देतात. आणि त्याच्या पुढच्या रिळात ती यानातून चालत येते, जेवणाच्या टेबलाशी पाचव्या खुर्चीवर बसते आणि जेवू लागते. चौघांपैकी कोणी मान वर करत नाही. ती म्हणते, "ज़रा नमक देना." कोणी देत नाही. मग ती उठून यानात एकटी हिंडते, खिडक्यांशी उभी राहते. शेवटी कॅप्टन एकटा एक दार उघडतो, पांढरा उजेड होतो, खलास.

पहिल्या दिवशी लोकांनी खुर्च्यांचं रेक्झिन फाडलं. दुसऱ्या दिवशी त्यातलेच निम्मे परत आले. चार दिवसांत टॉकीजच्या व्हरांड्यात दोन पक्ष पडले. एक म्हणे, आपल्याला उल्लू बनवलं. दुसरा म्हणे, तुमच्या डोक्यावरून गेलं ते कबूल करा. समोसेवाल्या गुलाबचं मत होतं की ती भूत आहे, म्हणून तर मीठ मागते. भुताला मिठाचं काय ते गुलाबलाच माहीत. आमच्या कॉलेजचे देसले सर चौथ्यांदा बघून गेले आणि म्हणाले की हा काळाचा प्रश्न आहे, भुताखेताचा नाही. सरांनी म्हटल्यावर मी वही घेऊन बसले. ऑपरेटरची मुलगी, मला तिकीट नव्हतं. यानात काचेच्या बरणीत एक रोप असतं, त्याची पानं मी मोजली. डॉक्टरीण मरते तेव्हा सहा पानं. ती जेवायला येते तेव्हा चार. कॅप्टनच्या कपाळावर ती मरते तेव्हा जुना व्रण, जेवताना ताजी जखम. मी सिद्धांत मांडला की तिच्या मरणानंतर यानातला काळ उलटा वाहू लागतो. सरांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या माझी आकृती पाहिली आणि म्हणाले, "शैला, हे लिहून काढ. पोरखेळ नाही हा." मी त्या आठवड्यात जमिनीवर चालत नव्हते. आज सांगायला लाज वाटत नाही, पुढे भौतिकशास्त्र घेतलं ते त्या सहा आणि चार पानांमुळे.

पण ही गोष्ट माझ्या सिद्धांताची नाही. पहिल्या रविवारी नाना अक्काला म्हणाले, "चल, गार हवेत बसशील तीन तास." टॉकीजच्या कूलरखातर ती आली. मी तिच्याशेजारी बसले. मध्यंतरापर्यंत ती पेंगत होती. डॉक्टरणीला गोल दारातून सोडलं तेव्हा ती नीट बसली. आणि डॉक्टरीण टेबलाशी येऊन बसली तेव्हा तिने माझं मनगट धरलं, ते पिक्चर संपेपर्यंत सोडलं नाही. बाहेर उन्हात आल्यावर मला म्हणाली, "ती परत उनी ना वं. जेवाले उनी. पन कोनी बोलनंच नही तिनासंगे." थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाली, "बोलतात ते राही जाती ती." कोणी बोललं असतं तर ती राहिली असती, हे ऐकून मला तेव्हाच घाम फुटला होता, पण तो उन्हाचा आहे असं मी स्वतःला सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना अक्काने आपल्या शेजारची जागा हाताने पुसली, तिथे एक ताटली ठेवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "सुमन, भाकर ले." सात महिन्यांनी ते नाव घरात उच्चारलं गेलं. आईच्या हातातला चमचा पातेल्यात पडला. नाना खाली मान घालून जेवत राहिले. आणि अक्का जेवली. दोन भाकरी, भरपूर तेल-ठेचा, वर डाळ ओरपून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती सुमनला गल्लीतल्या बातम्या सांगायची, भाजी बरी झालीय का विचारायची, आणि थांबायची. ते थांबणं फार वाईट होतं. रोज तीनच्या खेळाला ती माझ्याबरोबर यायची, आणि डॉक्टरणीने मीठ मागितलं की पडद्याकडे बघून पुटपुटायची, "दे ना रे तिले. दे ना." घरात ह्यावरही दोन पक्ष झाले. आई नानांना म्हणाली, "अक्का वेड्या होतील अशानं. नेऊ नका त्यांना." नाना म्हणाले, "जेवतेय ना?" मला काय वाटत होतं ते मी कोणाला विचारू दिलं नाही. अक्का त्या रिकाम्या ताटलीशी बोलायची तेव्हा मी ठेच्यात बोट फिरवत बसायची. मलाही बोलायचं होतं. मला वाटायचं, मी तोंड उघडलं आणि खरंच तिथे कोणी असलं तर ते मान फिरवील.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी जळगावहून मामा आला, आईचा भाऊ. केळीच्या दोन फण्या आणि भरपूर मतं घेऊन. रात्री जेवताना पिक्चरचा विषय निघाला, तेव्हा तो हसायला लागला. "तो अजून चालू आहे इथे? मी पाहिला की तिकडे. झोप आली." मी त्याला माझा उलट्या काळाचा सिद्धांत ऐकवला. मामाने केळ सोलता सोलता विचारलं, "मेल्यावर कोण परत आलं? ती आधी जेवते, मग मरते. मेल्यावर कोणी नाही येत." मी म्हटलं, तू झोपला होतास. तो म्हणाला, झोपलो मी शेवटी, मधे नाही. अक्का मोरीत हात धूत होती, तिने ऐकलं नाही. मामा गेल्यावर मी वही काढली. सहा पानं, चार पानं. व्रण, जखम. काळ उलटा न करता हे सगळं सरळ लावायचं तर फक्त दोन गोष्टींची अदलाबदल करावी लागत होती. आधी जेवण, मग मरण.

मी तशीच टॉकीजला गेले. शेवटचा खेळ सुटला होता आणि नाना केबिनमध्ये रीळ गुंडाळत होते. मी त्यांना मामाचं बोलणं सांगितलं. ते म्हणाले, "जळगावचा ऑपरेटर मला शिकवणार काय?" पण हात थांबले. मग त्यांनी तिसऱ्या रिळाचं शेपूट काढलं आणि दिव्यासमोर धरलं. शेवटच्या चौकटींत डॉक्टरणीचा हात एका दाराच्या कडीवर होता. मग चौथ्या डब्यातलं रीळ उघडून त्याचं तोंड धरलं. त्यात पांढरं कापड. मग पाचव्या डब्यातलं. त्यात तोच हात, त्याच कडीवर, दार उघडताना. डब्यांची झाकणं जळगावाहून येताना कुठेतरी बदलली गेली होती. रिळाच्या तोंडाला नंबराची पट्टी असते, ती ह्या दोन्हींची तुटलेली होती. एरवी नाना झाकणावर विसंबत नसत. पिक्चर आला की ते गाण्यांवरून रिळं लावून बघत. कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं ते त्यांना गाण्यांच्या पुस्तकातून पाठ असायचं, आणि त्यात बावीस वर्षांत कधी चूक झाली नव्हती. ह्या पिक्चरात गाणी नव्हती. ते दोन्ही पट्ट्या हातात धरून स्टुलावर बसले. म्हणाले, "तेरा दिवस." आणि पुन्हा, "तेरा दिवस, आणि एकही माणूस वर आला नाही."

मी म्हटलं, "नाना, उद्या शेवटचा दिवस आहे, तीनचा एकच खेळ. परवा नवीन पिक्चर लागेल. राहू द्या ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अक्का येणार आहे उद्या." नाना म्हणाले, "माहीत आहे मला." मग म्हणाले, "ती माझी बहीण आहे, शैला. तिला मी चुकीचं रीळ दाखवून जेवू घालत होतो इतके दिवस. कळल्यावर कसं दाखवू?" मी रडायला लागले. मी अक्कासाठी रडतेय असं त्यांना वाटलं, आणि थोडी तिच्यासाठीही होतेच. पण मला काय दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. रीळ सरळ लावलं की ती डॉक्टरीण जिवंतपणी टेबलाशी बसणार होती, जिवंतपणी मीठ मागणार होती, आणि चौघे तिच्याशी अबोला धरून बसणार होते, आणि मग ती मरणार होती. तो पिक्चर मला बघायचा नव्हता. माझी जागा त्या चौघांत होती.

घरी असं ठरलं की अक्काला आधी सांगायचं, आणि ते मी सांगायचं. आई म्हणाली, "तुझं ऐकतात त्या." दुसऱ्या दिवशी अक्का केसांना तेल लावून, धुतलेलं लुगडं नेसून तयार झाली. आम्ही रिक्षाने निघालो, कारण ऊन फार होतं. आग्रा रोडपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. एकदा ती म्हणाली, "काय वं?" आणि मी म्हटलं, "काही नाही, ऊन बघ किती आहे." एवढं एक वाक्य मला त्या सगळ्या वाटेत जमलं.

शेवटच्या दिवसाच्या मानाने टॉकीज भरलं होतं, आणि येणारे बहुतेक जुनेच होते. मध्यंतर झालं. समोसे झाले. दिवे मालवले, आणि पडद्यावर डॉक्टरणीने कडी लावलेलं दार उघडलं, चालत आली आणि टेबलाशी बसली. मग पुढून कोणीतरी ओरडलं, "ए ऑपरेटर! रीळ उलटं लावलंस का?" मग सगळेच सुटले. "मरायच्या आधी कशी काय जेवायला आली? अरे, झोपला का वरती?" शिट्ट्या, पाय आपटणं, खुर्च्यांचे हात बडवणं. तेरा दिवस चुकीचं दाखवलं तेव्हा जे पुन्हा पुन्हा बघायला आले, ते त्या एका बरोबर खेळाला नानांच्या आई-बापाचा उद्धार करत होते. गुलाब धावत वर गेल्याचं मला दिसलं. पण मशीन थांबलं नाही. केबिनच्या भोकातून येणारा उजेडाचा पट्टा तसाच सरळ राहिला. नानांना आयुष्यात एवढ्या शिव्या एकदाच पडल्या आणि त्यांनी त्याबद्दल घरी येऊन कधी चकार शब्द काढला नाही.

अक्का त्या गोंधळाकडे बघतच नव्हती. ती पडद्याकडे वाकून बसली होती. मला म्हणाली, "आते ती जित्ती शे का?" मी म्हटलं, "हो, अक्का. खरं हेच आहे. आधी जेवते, मग मरते. नानांचं रीळ चुकलं होतं." तिने हळूच मान हलवली. डॉक्टरणीने मीठ मागितलं. त्या वेळी अक्का काही पुटपुटली नाही. नंतर ती बाई एकटी हिंडली, खिडक्यांशी उभी राहिली, आणि मग तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून गोल दारातून सोडून दिलं. अक्काने पदर तोंडाशी नेला, एवढंच. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. मला वाटलं, आता हिचं जेवण पुन्हा सुटणार, आणि ह्या वेळी ते आपल्या हाताने.

पिक्चर सुटला, लोक शिव्या देत गेले, झाडणारी बाई पुढच्या रांगेपासून खुर्च्यांखाली झाडू फिरवायला लागली. अक्का उठेना. ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "मी बी बोलत नव्हती तिनासंगे."

मला आधी कळलं नाही. मी म्हटलं, "कोणाशी?"

"सुमनसंगे. आठ रोज. अमळनेरना पाव्हना तिले देखाले उनथात, तवय ती चहा ना देता उठी गई. तिले नर्सनं शिकनं व्हतं. मी म्हनं, आते मी तुनासंगे बोलाव नही. माले वाटनं, रुसी पडेल शे. मी बी तोंड फिराई बसनू."

मला ते दिवस आठवले. अक्का घुश्शात होती हे मला दिसलं होतं, पण ती पाहुण्यांवर चिडलीय असं मी धरून चालले होते. मी माझ्या जर्नलवरून फुगून बसले होते, दुसऱ्या कोणाचं तोंड कोणीकडे आहे हे बघायला मला सवड नव्हती. दोन खोल्यांच्या त्या घरात एका पोरीशी तिची आई बोलत नव्हती आणि बहीण बोलत नव्हती, आणि दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं. सात महिने आम्ही एका चुलीवरचं जेवत होतो आणि तेच एक गिळत होतो. मी म्हटलं, "अक्का, मी पण. नऊ दिवस. जर्नलवर तेल सांडलं म्हणून." आणि मग मला इतकं रडू आलं की झाडणारी बाई झाडू धरून उभी राहिली.

अक्काने मला रडू दिलं. तिने माझी समजूत घातली नाही, तू लहान होतीस वगैरे म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. मी शांत झाल्यावर तिने तिचा सिद्धांत मांडला. त्या पिक्चरवर मी पुढे पुष्कळ वाचलं. पुतण्याने दाखवलं, जगभरची माणसं त्या आवाजाबद्दल, त्या दारामागच्या उजेडाबद्दल अजून भांडतात. अक्काने विचारलं ते त्यांत कोणी विचारलेलं मला सापडलं नाही. ती म्हणाली, "तिले ठाऊक व्हतं ना, कोनी बोलत नही म्हनीसन? तरी मीठ मांगं तिनी. रागे राहती ते मांगती का?"

रागात असती तर तिने मीठ मागितलंच नसतं, असं अक्काचं म्हणणं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुनाकडे काही मांगं का सुमननी, त्या रोजमां?"

मागितलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, दुपारची वेळ होती, मी खोलीत वही शोधायला आले होते. ती तोंड न वळवता म्हणाली होती, "ताई, खिडकी लाव ना. डोळ्यावर येतंय." मी ते अक्काला सांगितलं.

"मंग?"

"मी लावली. पण बोलले नाही काही."

"लावी ना?"

"हो."

"मंग," अक्का म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.